चित्रकथेतील अंतराळमोहीम आणि शक्यतेचा हिशेब : प्रस्तावना

अंतराळसाहसाची चित्रकथा हा कथाप्रकार चौकटींच्या मालिकेतून घडतो आणि त्याचा गाभा बहुधा एका मोहिमेत असतो. पृथ्वीवर संकट येते, मोजकी माणसे यानात बसून निघतात, अपरिचित ग्रहावर किंवा निर्वात पोकळीत त्यांची कसोटी लागते आणि ती यश घेऊन किंवा निदान नवी जाण घेऊन परततात. या मोहिमेची शक्यता तपासणे हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. येथे शक्यता या शब्दाचे तीन स्तर अभिप्रेत आहेत. पहिल्या स्तरावर मोहीम निसर्गनियमांच्या चौकटीत बसते की नाही हे पाहायचे. दुसऱ्या स्तरावर, नियमांत बसत असली तरी तिला लागणारे तंत्र माणसाच्या हाती आहे की नाही हे पाहायचे. आणि तिसऱ्या स्तरावर, तंत्र असले तरी कथेने दिलेल्या मुदतीत व साधनांत ती पार पडेल की नाही हे पाहायचे. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले की चित्रकथेवरची चर्चा ‘सगळे खोटे’ आणि ‘पुढे सगळे होईल’ या दोन टोकांना जाऊन थांबते. ते वेगळे ठेवले की त्याच कथेतून भौतिकशास्त्राचे मोलाचे धडे मिळू लागतात.

मराठी वाचकाला ही वाट नवी नाही. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी संपादित केलेल्या ‘केरळ कोकिळ’ मासिकातून १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाची कथा ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने क्रमशः आली आणि मराठी विज्ञानकथेचा आरंभ अनेक अभ्यासक तेथपासून मानतात. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ मध्ये सुरू केलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ या मालिकेने मराठी आवृत्तीतून वेताळ आणि मँड्रेक यांना घरोघरी पोहोचवले. फ्लॅश गॉर्डन हा अंतराळवीरही याच मालिकेतला. गद्यकथेच्या प्रांतात १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवून पहिले पारितोषिक मिळवणारे डॉ. जयंत नारळीकर यांनी, कल्पनेची झेप आणि गणिताची शिस्त एकत्र नांदू शकतात हे दाखवून दिले. अनुवाद, चित्रमालिका आणि स्वतंत्र विज्ञानकथा असे तीन प्रवाह मराठीत आले, पण चित्रकथेतील मोहिमेचा हिशेब मांडून पाहण्याची सवय मात्र फारशी रुजली नाही. ती उणीव भरून काढण्याच्या दिशेने हे विवेचन आहे.

या विवेचनातील हिशेब मराठवाड्यातील बिडकीन हे गाव डोळ्यांपुढे ठेवून मांडला आहे, आणि हे स्थान धरण्यामागे निश्चित कारण आहे. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव दख्खनच्या काळ्या कातळावर वसलेले असून त्याच्या शिवारात आज कपाशीच्या शेजारी औद्योगिक वसाहतीचे भूखंड दिसतात. येथे वाढणाऱ्या मुलाला अंतराळमोहीम ही फ्लोरिडात किंवा श्रीहरिकोट्यात घडणारी, आपल्याशी संबंध नसलेली गोष्ट वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मोहिमेच्या शक्यतेचे बरेचसे नियम बिडकीनच्या जमिनीवर उभे राहूनच मोजता येतात, कारण गुरुत्वाकर्षण, पृथ्वीचे परिवलन आणि आकाशातून येणाऱ्या पाषाणांचा धोका या तिन्ही गोष्टी येथेही तितक्याच लागू आहेत. विषयाची ओळख एका गावाच्या अक्षांशावरून करून देण्याने तो लहान होत नाही. उलट त्यातील संख्या वाचकाच्या परिचयाच्या होतात.

प्रारंभ व्हर्नच्या कथेपासून करणे सोयीचे आहे, कारण १८६५ च्या त्या कादंबरीत पहिल्या स्तराचा व दुसऱ्या स्तराचा फरक अतिशय स्वच्छ दिसतो. व्हर्नने तीन प्रवाशांना पोकळ गोळ्यात बसवून ९०० फूट, म्हणजे सुमारे २७४ मीटर लांबीच्या तोफेतून चंद्राकडे सोडले आणि गोळ्याचा आरंभवेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर धरला. पृथ्वीच्या ओढीतून कायमचे सुटण्यासाठी लागणाऱ्या किमान वेगाला मुक्तिवेग म्हणतात आणि तो सेकंदाला ११.२ किलोमीटर आहे. म्हणजे वेगाचा अंदाज व्हर्नने अचूक बांधला होता. चूक राहिली ती त्वरणात, म्हणजे वेग किती झपाट्याने वाढतो या गोष्टीत. अवघ्या २७४ मीटरच्या नळीत हा वेग गाठायचा तर त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २३,००० पट होते आणि ६० किलो वजनाच्या प्रवाशावर जवळजवळ १,४०० टनांचा भार येतो. व्हर्नने धक्का शोषण्यासाठी पाण्याचा थर कल्पिला होता, पण एवढ्या भारापुढे त्याचा उपयोग नाही. रॉकेट, म्हणजे जुन्या मराठीतला अग्निबाण, तोच वेग काही मिनिटांत सावकाश मिळवतो आणि प्रवाशांवरील भार तीन-चार पटींच्या आसपास ठेवतो. एकच वेग एका साधनाने मृत्यू देतो आणि दुसऱ्या साधनाने प्रवास घडवतो. मोहिमेत किती वेग हवा याइतकेच तो किती वेळात हवा हे महत्त्वाचे ठरते. वेळेचा हा मुद्दा पुढे अधिकाधिक ठळक होत जाईल.

दुसरा प्रश्न उड्डाणस्थळाचा. चित्रकथांमध्ये नायकाचे यान डोंगरावरून, माळावरून किंवा घरामागच्या प्रयोगशाळेतून झेपावते, आणि मराठवाड्यातील एखादी कथा लिहायची झाल्यास बिडकीनच्या माळरानावरून ते का उडू नये, असा प्रश्न लहान वाचक सहज विचारील. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे जमिनीवर उभ्या असलेल्या रॉकेटला पूर्वेकडचा वेग आयताच मिळालेला असतो. हा वेग विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे ४६५ मीटर असतो आणि उत्तरेला व दक्षिणेला कमी होत जातो. श्रीहरिकोट्याला तो सुमारे ४५२ मीटर, तर १९.७ अंश उत्तर अक्षांशावरील बिडकीनला सुमारे ४३८ मीटर भरतो. पृथ्वीलगतच्या कक्षेत फिरत राहण्यासाठी सेकंदाला साधारण ७.८ किलोमीटर वेग लागतो हे ध्यानात घेतले तर दोन ठिकाणांतील १४ मीटरचा फरक नगण्य आहे. अडचण परिवलनाची नाहीच; ती पूर्वेकडच्या वस्त्यांची आहे. रॉकेटचे टप्पे इंधन संपल्यावर गळून पडतात, आणि बिडकीनहून पूर्वेला उडालेल्या रॉकेटचे टप्पे जालना, परभणी, हिंगोलीवरून पुढे थेट ओडिशाच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या लोकवस्तीवर आणि शेतांवर कोसळतील. श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला बंगालचा उपसागर आहे, म्हणून ते स्थळ योग्य ठरते. येथे निसर्गनियम आड येत नाही आणि तंत्रही आड येत नाही. माणसांच्या सुरक्षिततेची जबाबदारी आड येते, आणि तीही शक्यतेच्या हिशेबात धरावीच लागते.

तिसरा प्रश्न इंधनाचा. बेल्जियन चित्रकार एर्जे यांनी १९५० च्या दशकात टिनटिनच्या चंद्रमोहिमेच्या दोन पुस्तकांत शास्त्रीय तपशिलाची जी काळजी घेतली ती या प्रकारात आदर्श मानली जाते. त्यांच्या यानातील अणुइंजिन वाटभर सतत चालू राहते, अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवते आणि मग यान उलटे फिरवून तो कमी करते, त्यामुळे प्रवाशांना घरच्यासारखेच वजन जाणवते. कल्पना नियमांना धरून आहे. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर धरून आणि त्वरण पृथ्वीवरच्याइतके ठेवून गणित केले तर प्रवास अवघ्या साडेतीन तासांत पुरा होतो. मात्र त्यासाठी एकूण वेगबदल सेकंदाला सुमारे १२३ किलोमीटर करावा लागतो. रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टँटिन त्सिओलकोव्स्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रॉकेट-समीकरणानुसार आवश्यक वेगबदल बाहेर पडणाऱ्या वायूच्या वेगाच्या जितक्या पट असतो, त्या प्रमाणात लागणारे इंधन गुणाकाराच्या गतीने फुगत जाते. उत्तम रासायनिक इंधनाचा वायू सेकंदाला सुमारे ४.५ किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. तो वापरला तर उड्डाणाच्या वेळचे वजन पोहोचणाऱ्या यानाच्या सुमारे ७०० अब्ज पट हवे. अणुउष्णतेवर चालणाऱ्या इंजिनात वायूचा वेग साधारण दुप्पट होतो, तरीही हे प्रमाण सुमारे आठ लाख पट राहते. एर्जे यांच्या चंद्रमोहिमेत त्यामुळे नियम पाळला जातो आणि अडते ते तंत्रापाशी. प्रत्यक्षात अपोलो ११ ला चंद्रापर्यंत सुमारे तीन दिवस लागले, तर चांद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ रोजी निघून २३ ऑगस्टला उतरले, कारण इंधन वाचवण्यासाठी वेळ खर्च करण्याचा मार्ग भारतीय अभियंत्यांनी जाणीवपूर्वक स्वीकारला होता.

आता या विवेचनाच्या केंद्रस्थानी असलेल्या चित्रकथेकडे वळता येईल. चित्रकार ॲलेक्स रेमंड यांची फ्लॅश गॉर्डन ही मालिका ७ जानेवारी १९३४ रोजी अमेरिकेत सुरू झाली. एक अनोळखी ग्रह पृथ्वीच्या रोखाने येत आहे, जग भयभीत झाले आहे आणि डॉ. झारकॉव्ह नावाचा शास्त्रज्ञ आपले रॉकेट त्या ग्रहाच्या दिशेने नेऊन त्याची वाट बदलू पाहतो. त्याच्याबरोबर फ्लॅश आणि डेल आर्डन हे दोघे जबरदस्तीने ओढले जातात. मोंगो नावाच्या ग्रहावर पोहोचल्यावर कथा दुष्ट सम्राट मिंगकडे वळते आणि आरंभीचा बेत मागे पडतो. तो बेत मात्र तपासण्याजोगा आहे. एखाद्या वस्तूचे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात, आणि टक्कर होते तेव्हा एका वस्तूचा संवेग दुसरीला मिळतो. झारकॉव्हचा विचार तत्त्वतः याच नियमावर उभा आहे, म्हणजे पहिल्या स्तरावर तो पूर्ण खरा आहे.

तिसऱ्या स्तरावर मात्र तो कोसळतो. मोंगो पृथ्वीएवढा मानला आणि झारकॉव्हचे रॉकेट १,००० टनांचे असून ते सेकंदाला १० किलोमीटर वेगाने आदळते असे उदारपणे धरले, तरी ग्रहाच्या वेगात पडणारा फरक इतका सूक्ष्म असतो की वर्षभरात त्याचे स्थान केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकेही सरकणार नाही. शिवाय असा ग्रह अचानक येऊ शकत नाही. पृथ्वीएवढा ग्रह गुरूच्या अंतरावर असतानाच सूर्यप्रकाशात नुसत्या डोळ्यांना दिसू लागेल आणि सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने आला तरी तेथून त्याला सुमारे आठ महिने लागतील. चंद्राच्या अंतरावर पोहोचताच त्याची भरतीची ओढ चंद्राच्या ८१ पट असेल, त्यामुळे टक्कर होण्याआधीच कोकणची किनारपट्टी पाण्याखाली जाईल. चित्रकथेतील संकट हे असे घटनांच्या क्रमाने उलगडून पाहिले की, ज्या क्षणी नायक रॉकेटमध्ये चढतो त्या क्षणापर्यंत खरी मोहीम हातातून निसटलेली असते, हे स्पष्ट होते.

विस्मयाची गोष्ट अशी की झारकॉव्हचे हेच तत्त्व २६ सप्टेंबर २०२२ रोजी यशस्वी झाले. अमेरिकेच्या नासाने डार्ट नावाचे सुमारे ५८० किलोचे यान डायमॉर्फॉस या लघुग्रहावर सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने मुद्दाम आदळवले. लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा, ग्रहाहून फार लहान असा पाषाणी पिंड. डायमॉर्फॉस सुमारे १५० मीटर रुंदीचा असून डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. टकरीपूर्वी त्याची एक प्रदक्षिणा ११ तास ५५ मिनिटांची होती. टकरीनंतर ती सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. यानाच्या आघाताबरोबर लघुग्रहावरून मागे उडालेल्या दगडधोंड्यांनीही त्याला उलट दिशेने ढकलल्यामुळे एकूण परिणाम निव्वळ आघाताच्या सुमारे साडेतीन पट झाला. तरीही वेगातील बदल सेकंदाला जेमतेम २.७ मिलिमीटर होता. एखादा पाषाण पृथ्वीच्या मध्यभागाच्या रोखाने येत असेल तर त्याला पृथ्वीच्या त्रिज्येइतके, म्हणजे सुमारे ६,४०० किलोमीटर बाजूला सारावे लागते. सोप्या हिशेबाने, दहा वर्षे आधी धक्का दिला तर सेकंदाला दोन सेंटिमीटरचा बदल पुरतो; दहा दिवस आधी दिला तर सेकंदाला सात मीटरांहून अधिक बदल लागतो. पहिल्या परिस्थितीत डार्टसारख्या सात-आठ आघातांनी डायमॉर्फॉसएवढा पिंड टळू शकेल. दुसऱ्या परिस्थितीत अडीच हजारांहून अधिक आघात लागतील.

या संख्यांमधून या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आकाराला येते. शक्यतेचा हिशेब केला की चित्रकथेतील मोहीम रद्द होत नाही, तर तिचा नायक बदलतो. मुठी आवळून रॉकेट हाकणारा वीर शेवटच्या घटकेला येतो आणि शेवटच्या घटकेला भौतिकशास्त्र कोणालाही फारसे काही करू देत नाही. खरे शौर्य दहा वर्षे आधी, रात्रीमागून रात्र आकाशाची छायाचित्रे तपासून एका फिकट ठिपक्याची कक्षा निश्चित करणाऱ्या निरीक्षकाच्या वाट्याला येते. डॉ. नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेत हे नेमके ओळखलेले आहे. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू तेथे एका हौशी भारतीय निरीक्षकाला प्रथम दिसतो, वैज्ञानिक अण्वस्त्रे वाहणारे यान पाठवून त्याचा मार्ग बदलण्याचा बेत आखतात आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या घरात शांतीसाठी यज्ञ मांडला जातो. डार्ट मोहिमेच्या कित्येक दशके आधी लिहिलेल्या या कथेत शोध, मुदत, आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि समाजमन या चारही बाजू मोहिमेच्या शक्यतेत धरलेल्या आहेत.

हा धोका मराठवाड्याच्या दृष्टीनेही दूरचा नाही. बिडकीनच्या पूर्वेला सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटरवर बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे अशाच एका आघाताची खूण जमिनीत कोरलेली आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या बेसाल्ट खडकात, म्हणजे प्राचीन लाव्हाच्या थरांतून बनलेल्या काळ्या पाषाणात, अतिवेगवान आघाताने झाले. बेसाल्टमध्ये इतके सुस्थितीत राहिलेले आघातविवर पृथ्वीवर अतिशय दुर्मीळ असल्यामुळे चंद्र आणि मंगळ यांच्या पृष्ठभागाचा अभ्यास करणारे वैज्ञानिक लोणारकडे आवर्जून वळतात. त्याचे वय पूर्वी सुमारे ५२,००० वर्षे मानले जाई. आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवर आधारलेल्या कालमापनातून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असल्याचे पुढे आले. जो कातळ बिडकीनच्या विहिरींत लागतो त्याच जातीच्या कातळावर आकाशातील पाषाण आदळला तर काय होते, याचे उत्तर पाहण्यासाठी येथील विद्यार्थ्याला दुसऱ्या ग्रहावर जावे लागत नाही.

वर्तमानातील उदाहरणही बोलके आहे. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीमधील ॲटलास दुर्बिणीने शोधलेला ‘२०२४ वायआर४’ हा सुमारे ६० मीटरचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची संभाव्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन टक्क्यांच्या पुढे गेली होती, आणि संभाव्य आघाताच्या पट्ट्यात दक्षिण आशियाही येत होता. पुढील निरीक्षणांनी कक्षा अधिक नेमकी झाली आणि पृथ्वीला असलेला धोका जवळजवळ नाहीसा झाला. या सबंध प्रकरणात एकही रॉकेट उडाले नाही. संख्या आधी वाढली आणि मग घटली ती केवळ निरीक्षणे वाढल्यामुळे. संभाव्यता वाढणे म्हणजे संकट जवळ येणे असे समजून घाबरणारा वाचक आणि अपुऱ्या माहितीत ती तशी हलणारच हे जाणणारा वाचक यांच्यातील अंतर चित्रकथाही कमी करू शकते, जर तिने हिशेबाला आपल्या चौकटींत जागा दिली तर.

या हिशेबाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. चित्रकथा ही पाठ्यपुस्तकाची जागा घेण्यासाठी नसते; तिच्यातील अनोळखी ग्रहांचे रंग, वेगाची रेषा आणि संकटाच्या टोकाला थांबणारी शेवटची चौकट यांनी मनात जी ओढ निर्माण होते ती नसती, तर पुढे हिशेब करण्याची इच्छाच झाली नसती. त्यामुळे प्रत्येक चौकटीत नियमभंग शोधून कथा निकालात काढणे हे या विवेचनाचे उद्दिष्ट नाही. येथे सुचवलेली पद्धत साधी आहे. कथेने एखादे मोठे गृहीतक उघडपणे मागितले तर ते तिला द्यावे, मग त्या गृहीतकाशी बाकीची मोहीम प्रामाणिक राहते का हे पाहावे, आणि जेथे राहत नाही तेथे कोणती संख्या बदलली असता ती राहिली असती हे शोधावे. एर्जे यांनी अणुइंजिन मागितले आणि वजनाचा, दिशेचा व थांबण्याचा विचार त्याला धरून केला, म्हणून त्यांची मोहीम आजही आदराने वाचली जाते.

मराठीत अशी चित्रकथा घडण्यास आवश्यक ते सारे साहित्य उपलब्ध आहे. लोणारचे विवर आहे, छत्रपती संभाजीनगरच्या एमजीएम परिसरात अंतराळविज्ञान केंद्र आहे, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे, आणि जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर पोहोचल्यापासून अंतराळवीर ही कल्पना भारतीय मुलांसाठी अधिक परिचयाची झाली आहे. उणीव आहे ती दहा वर्षांची मोहीम चौकटींत रंगवण्याचे धाडस करणाऱ्या लेखक-चित्रकारांची, ज्यांच्या कथेत पहिल्या पानावर ठिपका दिसेल, मधल्या पानांवर वाद, निधी, चुका आणि दुरुस्त्या होतील आणि शेवटच्या पानावर सेकंदाला काही सेंटिमीटरांचा फरक सबंध पृथ्वीला पुरेल. बिडकीनच्या शाळेतील एखाद्या मुलीने ती कथा वाचून वहीत स्वतः गणित मांडले आणि लेखकाची एखादी संख्या चुकल्याचे दाखवून दिले, तर त्या चित्रकथेचे यश त्याहून मोठे असणार नाही. त्या वाचिकेला हाती घेता येईल असे साधन पुरवणे, एवढ्याच हेतूने पुढील विवेचन मांडलेले आहे.